डोळ्यामागची पाण्याची गाठ

एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसायला लागला, ही गोष्ट घरातल्यांच्या लक्षात उशिराच येते. रोज बघणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही. दिवाळीला आलेली आत्या किंवा सुट्टीनंतर वर्गात आलेल्या बाई पहिल्यांदा विचारतात, "पोरीचा डोळा असा का गं झालाय?" मग जावळाचा नाहीतर शाळाप्रवेशाचा फोटो काढून शेजारी धरला जातो, आणि तेव्हा कळतं की हे वर्षभर चाललं होतं. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, ताप नव्हता. म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार असे बालाघाटाच्या माळावरचे तालुके आहेत. तिथल्या वाडीवस्तीवरून असं लेकरू दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आधी नजर काढली जाते, मग मेडिकलवरून थेंब येतात, मग बीडचं सिव्हिल, आणि तिथून चिठ्ठी मिळते ती अंबाजोगाईच्या 'स्वाराती'ची नाहीतर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची. स्वाराती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. खेड्यातल्या माणसाला मोठ्या शहराकडे धावावं लागू नये म्हणून सत्तरच्या दशकात उभं राहिलेलं हे महाविद्यालय. डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जाण्याआधी याच ठिकाणी नेत्रविभागात काम करत होते. मोतीबिंदूच्या रांगा या भागाने पुष्कळ पाहिल्या आहेत. या प्रकरणाचा विषय मात्र त्या रांगेत क्वचितच उभा राहणारा आजार आहे: डोळ्याच्या खोबणीत, बुबुळाच्या मागे, एखाद्या कृमीच्या अळीने धरलेली पाण्याची गाठ. क्वचित होतो म्हणूनच तो चुकतो, आणि चुकला की दृष्टी जाते.

खोबणीची रचना आधी समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर जागा असते. त्यातली सातेक मिलिलिटर नेत्रगोलाची. उरलेल्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा एक, रक्तवाहिन्या आणि मधोमध मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस. चारही बाजूंना हाड आहे, मोकळी बाजू फक्त पुढची. त्यामुळे आत काहीही वाढलं की डोळा पुढे ढकलला जातो. कुठल्या दिशेला ढकलला गेला यावरून आतली वाढ कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. डोळा सरळ पुढे आला तर गाठ स्नायूंच्या घेराच्या आत, बुबुळाच्या थेट मागे. खाली आणि नाकाकडे सरकला तर गाठ वर आणि बाहेरच्या बाजूला. अनुभवी डॉक्टर रुग्णाला खुर्चीत बसवून मागे उभे राहतात, डोकं थोडं मागे कलतं करतात आणि वरून कपाळाच्या रेषेवर दोन्ही डोळे बघतात. ज्या डोळ्याची पापणी आधी दिसते तो पुढे आलेला. मग मोजपट्टीचं साधं उपकरण बाहेरच्या हाडाला टेकवून फरक मोजतात. दोन डोळ्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो सोडून द्यायचा नसतो.

डोळा पुढे येण्याची कारणं पुष्कळ आहेत. मोठ्या माणसांत थायरॉईडचा आजार सगळ्यांत पुढे. लेकरात ताप आणि ठणका असेल तर सायनसमधून पसरलेला पू. काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने डोळा बाहेर आला तर स्नायूपेशींचा कर्करोग, आणि त्याला एक दिवसही वाट बघायला लावता कामा नये. जन्मापासूनच्या गाठी असतात, रक्तवाहिन्यांच्या गाठी असतात. या यादीत कृमींची गाठ खाली येते. पण ज्या जिल्ह्यात शेळ्या-मेंढ्यांचे कळप, राखणीची कुत्री आणि उघड्यावरची कापणी एकत्र आहेत, तिथे ती यादीतून खोडायची नाही.

अशा गाठी करणारे कृमी मुख्यतः दोन. एक कुत्र्याच्या आतड्यात राहणारा बारीक पट्टकृमी, एकायनोकॉकस. त्याच्या अळीची गाठ म्हणजे हायडॅटिड. दुसरा माणसाच्या आतड्यात राहणारा डुकराचा पट्टकृमी, टीनिया सोलियम. त्याच्या अळीची गाठ म्हणजे सिस्टिसर्कस. भारतात खोबणीत जास्त करून दुसराच सापडतो, पहिला विरळा. बाहेरून दोघांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, उपचार मात्र एकमेकांच्या उलट. सिस्टिसर्कसला मुख्यतः गोळ्या लागतात, हायडॅटिडला मुख्यतः शस्त्रक्रिया. त्यामुळे इथे नेमकं निदान झालं की निम्मं काम झालं, असं मला वाटतं. आणि निदान न करता कुठलाही उपचार सुरू केला तर तो नुकसान करू शकतो.

कुत्र्याच्या कृमीपासून सुरुवात करू. हा प्राणी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांब, शरीराचे तीन-चार तुकडे. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो असू शकतात आणि कुत्रं धडधाकट दिसतं. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, बाहेर पडताक्षणीच ती लागण करण्याजोगी असतात. गवतावर, पाण्यावर, कुत्र्याच्या केसांवर चिकटतात. मेंढी ते गवत खाते. अंड्यातली अळी तिच्या आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते, यकृतात नाहीतर फुफ्फुसात बसते आणि तिथे पाण्याने भरलेली गाठ वाढवते. मेंढी कापली, कलेजी किंवा फोफसं गाठीमुळे खराब निघालं, तो भाग कुत्र्याला टाकला. कुत्र्याच्या पोटात पुन्हा हजारो कृमी. चक्र पुरं झालं. कार्ल फॉन सीबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला गाठीतलं द्रव्य कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यात कृमी वाढलेले दाखवले, तेव्हा कुठे या दोन गोष्टींचा संबंध जगाला कळला.

माणूस या चक्रात चुकून येतो. मटण खाऊन हा आजार होत नाही, ही गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण गाठ असलेली कलेजी बघितली की लोक त्याच मटणाला घाबरतात. मेंढीतली गाठ आणि माणूस यांच्यामध्ये कुत्रं असावंच लागतं. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हातावरून, पाण्यातून, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीवरून पोटात गेली तरच लागण. म्हणून घरात कुत्रं नसलेल्यालाही होतो, आणि शाकाहारी माणसालाही होतो.

बीडच्या जगण्यात हे चक्र कुठे कुठे जुळतं ते पाहा. मेंढपाळांचे वाडे पावसाळा संपला की रान बदलत फिरतात, शेतात मेंढ्या बसवतात आणि वाड्याबरोबर राखणीची कुत्री असतात. दसऱ्यानंतर जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. फडाशेजारी कोप्या पडतात. एक-दोन शेळ्या बरोबर असतात, कुत्रं मागे आलेलं असतं, लेकरं त्याच मातीत खेळतात आणि पाणी मिळेल तिथून भरलं जातं. गावाकडे दर्ग्याची कंदुरी, देवाचा बोकड, लेकराचं जावळ. अशा प्रसंगी बकरं कापलं जातं ते बहुतेक मोकळ्या जागेत. श्रद्धेच्या या प्रसंगांना नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. मला काळजी आहे ती कापल्यानंतर बाजूला पडणाऱ्या कोथळ्याची आणि त्याभोवती जमलेल्या कुत्र्यांची.

आता पोटात गेलेली अळी डोळ्यापर्यंत कशी पोचते? आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं, तिथेच बहुतेक अळ्या अडकतात. माणसातल्या दहापैकी सातेक गाठी यकृतात असतात. यकृतातून निसटलेल्या फुफ्फुसात अडकतात, तिथे दहापैकी दोनेक. दोन्ही चाळण्यांतून पार झालेली एखादी अळी हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि तिथून शरीरात कुठेही जाऊ शकते: मेंदू, हाड, मूत्रपिंड, आणि शंभरात एकापेक्षाही कमी वेळा डोळ्याची खोबण. यकृतासारख्या मोठ्या अवयवात गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते. खोबणीत ३० मिलिलिटरच जागा, त्यामुळे ती लवकर जाणवते. म्हणून खोबणीचे रुग्ण बहुधा लेकरं आणि तरुण असतात.

गाठ कापून पाहिली तर तिचे थर दिसतात. सगळ्यांत बाहेरचं आवरण माणसाच्या स्वतःच्या पेशींनी केलेलं, शरीराने परक्याभोवती घातलेलं कुंपण. त्याच्या आत कृमीचा स्वतःचा पांढरा, चकाकता, पापुद्र्यांचा थर, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा लवचिक आणि ओला. त्याच्याही आत अगदी पातळ जिवंत अस्तर. नव्या अळ्यांची बारीक डोकी हेच अस्तर तयार करतं. आत स्वच्छ पाणी, आणि तळाशी त्या डोक्यांचा वाळूसारखा गाळ. पाणी निर्मळ दिसतं, पण सगळा धोका त्यातच. ते शरीरात सांडलं तर दोन गोष्टी होतात. त्यातल्या परक्या प्रथिनांमुळे काही मिनिटांत तीव्र ॲलर्जी येऊन रक्तदाब कोसळू शकतो. आणि सांडलेलं प्रत्येक डोकं नवी गाठ धरू शकतं.

यातूनच निदानाचा पहिला नियम निघतो. खोबणीतली गाठ नेमकी कशाची हे ठरण्याआधी तिच्यात बाहेरून सुई घालायची नाही. इतर अनेक गाठींमध्ये सुईने पाणी काढून तपासणं हा साधा, स्वस्त आणि योग्य मार्ग आहे, आणि म्हणूनच हात सवयीने तिकडे जातो. इथे मात्र आधी चित्र, मग विचार, मग हात.

चित्रांमध्ये पहिलं काम सोनोग्राफीचं. पोटाची सोनोग्राफी सगळ्यांना माहीत आहे. डोळ्याची त्याच तत्त्वावर चालते. बंद पापणीवर जेल लावून पेनाएवढी कांडी टेकवतात, दोन-चार मिनिटांत काम होतं, किरणोत्सर्ग नाही, लेकराला भूल नको. पडद्यावर नेत्रगोल काळा गोल दिसतो. त्याच्या मागे, जिथे चरबीमुळे पांढरट दिसायला हवं, तिथे दुसरा काळा गोल दिसला तर आत पाणी आहे. आता बघायचं ते भिंतीकडे आणि पोटाकडे. भिंत दोन समांतर पांढऱ्या रेषांची दिसली तर संशय हायडॅटिडचा, कारण कृमीचा थर आणि शरीराचा थर वेगवेगळे उमटतात. गाठ लहान, साधारण सेंटीमीटरभर, एखाद्या फुगलेल्या स्नायूच्या आत बसलेली आणि तिच्या एका बाजूला भिंतीला चिकटलेला ठळक पांढरा ठिपका दिसला तर तो सिस्टिसर्कस. ठिपका म्हणजे अळीचं डोकं. हा ठिपका सापडला की निदानाबद्दल फारशी शंका राहत नाही.

पुढची पायरी सीटी किंवा एमआरआय. सीटीत हाड नीट दिसतं. हळूहळू वाढलेल्या गाठीने हाड पातळ केलं असेल, बाहेर ढकललं असेल तर तेही. एमआरआयमध्ये गाठ आणि दृष्टीची नस यांचं नातं कळतं. नस ताणली गेली आहे, बाजूला सरकली आहे की गाठीच्या घेरात सापडली आहे, हे शस्त्रक्रियेआधी माहीत असलं पाहिजे.

रक्ततपासणीबद्दल सावध राहावं लागतं. यकृतातल्या हायडॅटिडमध्ये प्रतिद्रव्यांची तपासणी बहुतेक वेळा साथ देते. खोबणीतली गाठ एकटी आणि अभंग असेल तर शरीराला तिचा पुरेसा पत्ताच लागलेला नसतो आणि अहवाल 'निगेटिव्ह' येतो. तो वाचून हायडॅटिड नाहीच असं ठरवणं ही मोठी चूक. कासोनी या इटालियन डॉक्टरच्या नावाची, त्वचेत गाठीचं पाणी टोचून करायची जुनी चाचणी विसाव्या शतकात बरीच वर्षं चालली. फसवे निकाल आणि ॲलर्जीचा धोका यामुळे ती मागे पडली.

आणि डोळ्यात हायडॅटिड सापडला की पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करायचाच. यकृतात दुसरी गाठ असू शकते, आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला भूल देण्याआधी फुफ्फुसातली गाठ माहीत असणं हा जिवाचा प्रश्न आहे. घरातल्या बाकीच्यांची पोटाची सोनोग्राफीही करून घ्यावी. सगळे एकाच अंगणात वाढलेले असतात.

हे सगळं चालू असताना घड्याळ दृष्टीच्या नसेचं चालू असतं. अक्षरं वाचण्याची ताकद जायच्या आधी रंग फिके पडतात. एक साधी परीक्षा कुठल्याही दवाखान्यात करता येते: लाल झाकणाची औषधाची बाटली एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने दाखवायची आणि लाल तेवढाच लाल दिसतो का विचारायचं. लेकरूसुद्धा नेमकं उत्तर देतं. त्याबरोबर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवून बाहुली आकसते की उलट मोठी होते ते बघायचं. नस दबली असेल तर त्या बाजूला उजेड येताच बाहुली मोठी होते. डोळ्याच्या आत पाहिलं तर नसेचं तोंड सुरुवातीला सुजलेलं दिसतं. ते फिकट, पांढरं पडलेलं दिसलं तर उशीर झालेला असतो. गाठ निघेल, डोळा जागेवर येईल, पण गेलेली दृष्टी परत येणार नाही.

हायडॅटिडसाठी शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. अल्बेंडाझोलच्या गोळ्या या कृमीवर चालतात, पण सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने आणि प्रत्येकात सारख्या नाहीत. दबलेल्या नसेला तेवढी सवड नसते. म्हणून गोळ्या शस्त्रक्रियेच्या आधी थोडा काळ आणि नंतर जास्त काळ देतात, जेणेकरून चुकून काही सांडलंच तर ते मरावं.

शस्त्रक्रियेचा मार्ग गाठीच्या जागेवर ठरतो. खोल आणि बाहेरच्या बाजूला असेल तर झ्युरिकचे शल्यचिकित्सक क्रोनलाइन यांनी १८८८ मध्ये वर्णन केलेल्या वाटेचं आजचं रूप वापरतात. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी छेद घेतला जातो. खोबणीच्या बाहेरच्या भिंतीचा, बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसलेला हाडाचा तुकडा करवतीने सोडवून ओल्या कापडात ठेवतात; शेवटी तो परत जागी बसवायचा असतो. मग हाडाचं पातळ वेष्टण उघडलं की चरबी पुढे येते. भूलतज्ज्ञाला आधीच सांगून ठेवलेलं असतं, ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून तयार असतं. गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या रचतात, म्हणजे थेंब जरी गळला तरी तो पट्टीतच मरावा. हे पाणी नसेला त्रासदायक असल्याने पट्ट्या कुठे ठेवायच्या यालाही हिशेब आहे.

मग शरीराने घातलेलं कुंपण हलक्या हाताने उघडलं जातं आणि निळसर झाक असलेला पांढरा पडदा दिसतो. इथे चिमट्याने पकडायचं नाही. कुंपण आणि पडदा यांच्यामध्ये सलाइनचं पाणी हळूहळू सोडत गेलं तर गाठ आपोआप सुटी होऊन पुढे येते आणि अखंड हातात येऊ शकते. सगळ्यांत उत्तम शेवट हाच. खोबणीच्या तळाशी अरुंद जागेत मोठी गाठ असेल तर ती अखंड काढायला गेल्यास नसच ओढली जाते. तेव्हा शल्यचिकित्सक ठरवून, सगळी तयारी ठेवून, शोषनळी शेजारी धरून बारीक सुईने पाणी ओढतात. गाठ ढिली पडते, तिची भिंत थंड कांडीने गोठवून पकडतात आणि सगळा पडदा बाहेर काढतात. हीसुद्धा सुईच आहे, पण ती उघड्या जखमेत, नजरेखाली, पट्ट्यांच्या कोंदणात घातलेली. पापणीवरून अंदाजाने खुपसलेल्या सुईशी तिची गल्लत करू नये. शेवटी जागा धुऊन घेतात, हाड परत बसवतात, आणि निघालेला पडदा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. पापुद्र्यांचा थर आणि अळीच्या डोक्यावरचे बारीक आकडे दिसले की निदान पक्कं होतं.

आता दुसऱ्या कृमीकडे. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, कित्येक मीटर लांब. तो माणूस स्वतः ठीक असतो, पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडत राहतात. ती अंडी दूषित पाण्यातून, विष्ठा मिसळलेल्या जमिनीतल्या भाजीवरून किंवा हात न धुतलेल्या स्वयंपाक्याच्या हातून दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली की त्याच्या अंगात गाठी होतात: स्नायूत, मेंदूत, डोळ्यात. म्हणजे खाणारा एक आणि भोगणारा दुसरा. आयुष्यात मांसाला शिवलेलं नाही अशा घरात हा आजार निघाला की नातेवाईक डॉक्टरवरच चिडतात. त्यांना हा रस्ता शांतपणे समजावून सांगावा लागतो.

खोबणीत ही अळी बहुधा डोळा फिरवणाऱ्या स्नायूत बसते. जिवंत असेपर्यंत ती शरीराला फारसं चिथावत नाही. मरायला लागली की आतलं द्रव्य झिरपतं आणि सूज येते. म्हणून इथे चित्र वेगळं: डोळा अधूनमधून लाल होतो, ठणकतो, पापणी पडते, एका दिशेला बघताना दोन-दोन दिसतात, डोळा त्या बाजूला फिरत नाही. थेंबांनी बरं वाटतं, पुन्हा उलटतं. 'डोळे आले' म्हणून असे रुग्ण महिनोन्महिने फिरत राहतात.

उपचार सोपा आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १५ मिलिग्रॅम या हिशेबाने अल्बेंडाझोल, साधारण चार आठवडे, आणि सूज आवरण्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या हळूहळू कमी करत. गाठ विरते, डोळा फिरायला लागतो, बहुतेकांना सुरी लागत नाही. उलट स्नायू कापून गाठ काढायला गेलं तर स्नायू आखडून कायमचा तिरळेपणा राहू शकतो. पण या सोप्या उपचाराआधी दोन दारं उघडून बघणं सक्तीचं आहे. एक, बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा तपासणं. अळी नेत्रगोलाच्या आत असेल आणि गोळीने ती तिथेच मेली, तर सुजेने डोळा जातो. तिला आधी शस्त्रक्रियेने बाहेर काढावं लागतं. दुसरं, मेंदूचं सीटी किंवा एमआरआय. मेंदूत गाठी असतील तर त्या एकदम मरून सूज आणि झटके येऊ शकतात, म्हणून उपचार मेंदूच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दवाखान्यात ठेवून करावा लागतो.

शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनी दिली जाणारी गोळी हीच, अल्बेंडाझोल. मोठ्या लेकराला ४०० मिलिग्रॅमची एक. ती पोटातल्या गोल जंतांसाठी आहे आणि ते काम ती चांगलं करते. "आमच्या पोरानं जंताची गोळी घेतलीय, त्याला कसला कृमी?" असं पालक विचारतात. डोळ्यामागच्या गाठीला एक गोळी काहीच करत नाही.

हायडॅटिड मुळातून उखडता येतो याचा पुरावा आइसलंडचा आहे. एकोणिसाव्या शतकात या मेंढपाळ देशात हा आजार जगात कुठे नाही इतका होता. हॅराल्ड क्रॅबे या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिथली कुत्री तपासली आणि शेतकऱ्यांना कळेल अशा भाषेत छोटी पुस्तिका लिहिली. ती घरोघर वाटली गेली. कुत्र्याला कच्चा कोथळा घालू नका, गाठी दिसल्या तर पुरा नाहीतर जाळा. पुढे कुत्र्यांवर कर आणि औषधाची सक्ती आली, कापणी बंदिस्त जागी गेली. काही पिढ्यांत आजार तिथून नाहीसा झाला. त्यांच्याकडे आजची औषधं नव्हती. आपल्याकडे प्राझिक्वांटेल आहे. कुत्र्याला वजनाच्या प्रमाणात एक डोस दिला की आतड्यातले कृमी मरतात. नवे कृमी अंडी घालायला साधारण सहा-सात आठवडे लागतात, म्हणून राखणीच्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी डोस देणं उत्तम. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मेंढ्यांच्या लसीसाठी जाणारा मेंढपाळ कुत्र्याचा डोस त्याच खेपेत आणू शकतो. कंदुरीच्या जागी आदल्या दिवशीच कमरेएवढा खड्डा खणून ठेवला, कोथळा त्यात टाकून वर चुना आणि काटेरी फांद्यांसह माती लोटली, तर कुत्र्यांना काही मिळत नाही. कुत्र्यालाच घालायचं असेल तर अर्धा-पाऊण तास चांगलं उकळून घालावं.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचं पुढचं काय, हा प्रश्न बीडमध्ये वेगळा आहे. हायडॅटिडमध्ये गोळ्या साधारण २८ दिवस देऊन १४ दिवस थांबतात, आणि असे काही फेरे करतात. प्रत्येक फेऱ्यात यकृताची आणि पांढऱ्या पेशींची रक्ततपासणी लागते, कारण या गोळ्या काहींच्या यकृताला आणि मज्जेला झेपत नाहीत. गरोदर बाईला, निदान पहिल्या तीन महिन्यांत, त्या द्यायच्या नसतात. म्हणून विचारून आणि तपासूनच. पण शस्त्रक्रिया गणपतीत झाली आणि दसऱ्याला कुटुंब कोयता घेऊन निघालं, तर दुसरा फेरा फडात येतो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, तो थांबत नाही. अशा वेळी 'महिन्याने दाखवा' असं केसपेपरवर लिहून भागत नाही. कोणत्या कारखान्याच्या परिसरात जाणार, तिथलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, कोणत्या तारखेला रक्त तपासायचं, कोणत्या तारखेला गोळी बंद करायची आणि परत कधी सुरू करायची, हे मराठीत, मोठ्या अक्षरात, तारखांसह लिहून द्यावं लागतं आणि गावच्या आशाताईंकडे त्याची एक प्रत ठेवावी लागते. काविळीची लक्षणं दिसली, अंगात कसकस येऊन घसा दुखायला लागला, तर गोळी थांबवून दवाखाना गाठायचा, ही ओळ सगळ्यांत वर.

गाठ पुन्हा झाली तर ती लगेच दिसत नाही, वर्षांनी दिसते. म्हणून दरवर्षी ऊसतोडीचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर, टोळ्या गावी परतल्या की, डोळ्याची आणि पोटाची एकेक सोनोग्राफी करून घ्यावी. निदान पाच वर्षं.